मदत हवी आहे: मोल्निया कक्षेचा माग रोज पश्चिमेला सरकतोय

कक्षाप्रेमी
क्षेपणास्त्र सुटल्याचा इशारा देणाऱ्या सोव्हिएत 'ओको' उपग्रहांसारखी मांडणी पायथॉनमध्ये उभी करतोय, मोल्निया म्हणजे लांबट, साधारण १२ तासांच्या कक्षेत. ९ उपग्रह, कक्षांची प्रतलं ४० अंशांच्या अंतरावर, विषुववृत्ताशी कल ६२.८ अंश. सगळ्यांचा जमिनीवरचा माग एकच यायला हवा आणि तो जागचा हलता कामा नये. पण रोज १.१ अंश पश्चिमेला जातो. महिन्याभरात अमेरिकेचे क्षेपणास्त्रतळ हव्या त्या कोनातून दिसेनासे होतात. कोड तीनदा तपासला. लवकर सांगा.

तिरपी_नजर
आवर्तनकाल किती धरलाय? जे-२ (पृथ्वी मध्यावर फुगीर असल्याचा परिणाम) चालू आहे का? गणनेची पायरी किती सेकंदांची? उपभूपाशी (कक्षेतला पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू) वेग सेकंदाला जवळपास १० किमी असतो, म्हणजे ६० सेकंदांच्या एका पायरीत ६०० किमी!

गणिती
कल ६३.४ करा. त्या कलावर अपभू (सर्वांत दूरचा बिंदू) जागचा हलत नाही.

तिरपी_नजर
त्याने हा प्रश्न सुटणार नाही. ६२.८ ला उपभू वर्षाला फार तर पावणेतीन अंश फिरतो. इथे रोजचा अंश आहे.

भूस्थिर
मोल्निया हवीच कशाला? अमेरिकेचे डीएसपी हे क्षेपणास्त्र-इशारा उपग्रह ३५,७८६ किमीवर भूस्थिर होते. स्वतःभोवती मिनिटाला ६ फेरे, म्हणजे तोच पट्टा दर १० सेकंदांनी दिसतो. मागाची कटकटच नाही.

तिरपी_नजर
ओकोला तळ कडेने बघायचे होते, म्हणजे क्षेपणास्त्राची ज्वाळा काळ्या आकाशासमोर दिसते. सरळ खाली बघितलं की ढगांची चकाकी मध्ये येते.

भूस्थिर
कडेने बघूनही २६ सप्टेंबर १९८३ ला उंच ढगांवरच्या उन्हाने ओकोला ५ क्षेपणास्त्रं दाखवलीच की. ड्यूटीवरचे सोव्हिएत अधिकारी पेत्रोव यांनी तो इशारा खोटा ठरवला म्हणून निभावलं.

अवरक्त
सेन्सरला २.७ मायक्रॉनचा अवरक्त पट्टा वापरा. खालच्या हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड जमिनीची चकाकी शोषून घेतात. उंच ढग बहुतेक वाफेच्या वर असतात, म्हणून त्यांची चकाकी तेवढी सुटते.

कक्षाप्रेमी
सेन्सरचं नंतर बघू. जे-२ चालू, पायरी १० सेकंद, उपभू ६०० किमी, अर्धदीर्घ अक्ष (लंबवर्तुळाच्या लांबीचा अर्धा) २६,६१० किमी.

तिरपी_नजर
सापडलं. २६,६१० म्हणजे बरोबर १२ तास. हवा आहे नाक्षत्र दिवसाचा (ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीचा एक फेरा) अर्धा, म्हणजे ४३,०८२ सेकंद. ११८ सेकंद जास्तीचे, त्यात पृथ्वी अर्धा अंश पुढे फिरते. दिवसात दोन फेऱ्या, म्हणून एक अंश. उरलेला ०.१५ जे-२ चा, कारण तो प्रतलच रोज तेवढं पश्चिमेला वळवतो. २६,५६२ घेतलंत तरी तेवढं सरकणं राहील. २६,५५४ पासून सुरुवात करा. आणि सुरुवातीची स्थिती अपभूची आहे ना? उपभूपाशी जे-२ मुळे तात्कालिक (त्या क्षणाचा) अक्ष सरासरीपेक्षा कित्येक किमीने वेगळा निघतो, तिथून सुरू केलंत तर हा आकडा लागू पडणार नाही.

कक्षाप्रेमी
हो, अपभूपासूनच. २६,५५४ ने माग थांबला, धन्यवाद. मात्र चंद्र-सूर्याचं गुरुत्वाकर्षण चालू केलं की उपभूची उंची हलते.

गणिती
हलणारच. प्रत्येक प्रतलाला वेगळी हलेल, कारण चंद्र-सूर्याच्या दिशेशी प्रत्येकाचा कोन वेगळा. नऊही प्रतलं वेगवेगळी चालवून बघा. आणि कल ६३.४ कराच.