मदत हवी आहे: ‘पास्ता ए फाजोली’मध्ये दाण्यांची साले चिवट राहू नयेत म्हणून काय करावे?

‘पास्ता ए फाजोली’ हे इटलीतील राजम्याचे आणि लहान पास्त्याचे पोटभरीचे सूप मला घरी करायचे असून, त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. उत्तर इटलीतील व्हेनेतोची पद्धत मला विशेष आवडते, कारण तिथे शिजलेल्या दाण्यांपैकी साधारण निम्मे वाटून पुन्हा त्याच पातेल्यात मिसळतात. त्यामुळे मलई किंवा पीठ न घालताही सूप दाट होते आणि चव दाण्यांचीच राहते. बेल्लुनो जिल्ह्यातील लामोन गावचे ठिपकेदार बोर्लोत्ती दाणे त्यासाठी नावाजलेले आहेत, पण ते इथे मिळत नाहीत.

सध्या मी २५० ग्रॅम चित्रा राजमा रात्रभर भिजवते. बारीक चिरलेला कांदा, गाजर आणि सेलरी ऑलिव्ह तेलात मंद आचेवर परतते, त्यात टोमॅटो, रोझमेरी आणि राजमा घालून कुकरमध्ये शिजवते आणि शेवटी दितालिनी, म्हणजे आखूड नळ्यांचा पास्ता, घालते. दाणे आतून मऊ होतात, मात्र साले चिवट राहतात, आणि वाढेपर्यंत पास्ता फुगून रस्सा आटतो. शिवाय मूळ कृतीतील डुकराची चरबी आमच्या घरी चालत नाही. तिच्याऐवजी पार्मेजानो या इटालियन चीजची कडक साल घातली तर ती शाकाहारात बसेल का?

प्रतिसाद:

चित्रा राजमा निःशंकपणे वापरावा. तो आणि बोर्लोत्ती हे एकाच वनस्पतीचे वाण आहेत. चिवटपणाचे कारण बहुधा टोमॅटो हेच असावे, कारण आंबट पदार्थासोबत शिजताना सालीतील पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन सहज विरघळत नाही. दाणे बोटाने सहज चिरडले जाईपर्यंत टोमॅटो घालूच नये. भिजवण्याच्या पाण्यात लिटरमागे साधारण १५ ग्रॅम मीठ घातल्यास सालीही मऊ होतात. ते पाणी मात्र टाकून द्यावे. इतके करूनही दाणे कडक राहिले, तर राजमा जुना आहे असे समजून दुकान बदलावे.

पार्मेजानो रेज्जानो वासराच्या जठरातील रेनेटने, म्हणजे दूध साकळवणाऱ्या विकराने, विरजतात, त्यामुळे त्याची साल शाकाहारी नव्हे. वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवजन्य रेनेट वापरल्याचा स्पष्ट उल्लेख असलेले कडक चीज घ्यावे, किंवा सुक्या मशरूमचे भिजवलेले पाणी गाळून घालावे. चवीला खोली देण्यात मला हे पाणी अधिक भरवशाचे वाटते.

आता पास्ता. नेपल्समध्ये तो पातेल्यातच शिजवून सूप मुद्दाम घट्ट होऊ देतात, तेव्हा दाट सूप म्हणजे बिघडलेले सूप नव्हे. तुम्हाला पातळ रस्सा हवा असेल, तर सगळे जेवायला बसणार असतील तेव्हाच चौघांसाठी १५० ग्रॅम पास्ता उकळत्या सूपात सोडावा आणि किंचित कच्चा असतानाच आच बंद करावी.

अमेरिका खंडातून हे दाणे सोळाव्या शतकात युरोपात येण्यापूर्वी तिथे चवळी खाल्ली जात असे, म्हणून कधी राजम्याऐवजी चवळी घालून पाहायलाही हरकत नाही. ती लवकर शिजते आणि तिची साल पातळ असते.

दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचे सूप पास्ता घालण्यापूर्वीच वेगळे काढावे आणि वाढताना त्यात गरम पाणी व ताजा पास्ता घालून उकळावे.