लाइव्ह इलेक्ट्रॉनिक सेटसाठी हार्डवेअर लूपर कोणता घ्यावा? लॅपटॉप नको आहे

खर्जातली

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात असते, गाते आणि थोडंफार सिंथ वाजवते. समोर डिजिटॅक्ट (ड्रम मशीन; पहिला, मार्क टू नव्हे), कॉर्ग मिनीलॉग (सिंथ) आणि एक माइक, एवढाच संसार. बीट डिजिटॅक्टमधून, बेस आणि पॅड मिनीलॉगवर, वरून आवाज. कॅफे, एखादी गॅलरी, ओळखीच्यांची गच्ची अशा छोट्या जागांत वाजवते.

आवाजाचे थर लावायला सध्या एका गिटारवाल्या मित्राचं एकबटणी लूपर पेडल (गायलेलं धरून तेच पुन्हापुन्हा वाजवणारं यंत्र) आणलंय. सुरुवातीला छान वाटतं, पण मिनिटा-दीड मिनिटात बीट आणि लूप वेगवेगळ्या वाटेने निघतात. मग मी बीट बंद करून नुसता आवाज फिरत ठेवते. लोकांना वाटतं मुद्दाम केलंय, टाळ्याही पडतात. पण असं किती दिवस चालवणार?

हवंय ते असं: निदान तीन-चार वेगळे ट्रॅक, डिजिटॅक्टच्या लयीत राहणारा, आणि मी बसून वाजवते म्हणून हाताने चालवता येईल असा. बजेट पन्नास-साठ हजार. जुना चालेल. माझी दोन गाणी रूपकात आणि एक झपतालात आहे, त्यामुळे चारचारच्या चौकटीतच अडकणारं यंत्र नको.

बॉस आरसी-505 मार्क टू, ऑक्टाट्रॅक आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्स 95000 ही तीन नावं सगळीकडे दिसतात. वापरणाऱ्यांनी सांगा.

गल्लीतला_डीजे

505. डोळे झाकून. जगभरचे बीटबॉक्सवाले उगाच वापरतात का?

पॅचकेबल

लॅपटॉपवरच्या एबलटन सॉफ्टवेअरच्या लूपर डिव्हाइसला एक साधा मिडी कंट्रोलर लावलात तर पैसेच वाचतील.

गल्लीतला_डीजे

@पॅचकेबल शीर्षक वाचा हो.

नऊव्होल्ट

डोळे झाकून काही घेऊ नका. आणि ट्रॅक किती आहेत ते सगळ्यात शेवटी बघा. ड्रम मशीनबरोबर वाजवणाऱ्याचा खरा प्रश्न वेगळा आहे: घड्याळ कोणाच्या हातात, आणि लूपर ते मानतो का.

तुमच्या पेडलचं काय होतं बघा. 120 बीपीएमच्या (मिनिटाला 120 मात्रा) लयीला चार आवर्तनं (4/4 ची) म्हणजे बरोबर 8 सेकंद. बटण दाबायला 20 मिलिसेकंद उशीर झाला की लूप 8.02 सेकंदांचा होतो. 20 मिलिसेकंद कानाला जाणवतही नाहीत. पण प्रत्येक फेरीला ते साठत जातात. बाराव्या फेरीला पाव सेकंद होतो, म्हणजे अर्धी मात्रा. तिथे लूपमधला ठोका बीटच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मधे पडतो. बारा फेऱ्या म्हणजे साधारण दीड मिनिट. तुम्ही लिहिलंय तेच. तुमच्या हातात दोष नाही, कोणाचाही हात इतका अचूक नसतो.

यावर इलाज म्हणजे मिडी क्लॉक (एका यंत्राने दुसऱ्याला तारेतून पाठवलेला लयीचा इशारा) घेणारा आणि रेकॉर्डिंगची लांबी आपणहून मापात बसवणारा लूपर. डिजिटॅक्ट मास्टर, लूपर त्याचा ऐकणारा. डिजिटॅक्टच्या मिडी सेटिंगमध्ये क्लॉक सेंड आणि ट्रान्सपोर्ट सेंड (सुरू-थांबचे संदेश) दोन्ही चालू करा. आता रूपकाची गंमत. मिडी क्लॉक एका मात्रेला 24 टिचक्या पाठवतो, बास. सम कुठे आहे ते तो सांगत नाही. ‘स्टार्ट’चा संदेश आला की लूपर तिथून स्वतः मोजायला लागतो. म्हणून लूपरमध्ये माप वेगळं लावावं लागतं. 505 मध्ये 5/4 आणि 7/4 दोन्ही आहेत. रूपक 7/4 मध्ये सरळ बसतो. झपताल 5/4 ची दोन मापं, 2-3 आणि 2-3, म्हणजे खंडही जुळतात. डिजिटॅक्टवर रूपकाला पॅटर्नची लांबी 28 स्टेप (एका मात्रेला चार), झपतालाला 40. दोन्हीकडे जुळवलंत की झालं.

आणि जोडणी. हे कोणी आधी सांगत नाही म्हणून लिहितो: ड्रम्स लूपरमधून जाऊ देऊ नका. मिनीलॉग डिजिटॅक्टच्या इनपुटला लावून डिजिटॅक्टचं आउटपुट लूपरला दिलंत तर आवाजाच्या प्रत्येक थरात किकसुद्धा रेकॉर्ड होईल. तीन थरांनंतर नुसता चिखल. डिजिटॅक्ट थेट मिक्सरला, लूपरला फक्त माइक आणि मिनीलॉग. मिक्सरच्या ऑक्स सेंडवर (आवाजाची प्रत दुसऱ्या यंत्राकडे नेणारी वाट) लूपर ठेवायचा असेल तर लूपरमधला डायरेक्ट आवाज बंद करा, नाहीतर सगळं दुप्पट ऐकू येईल. लूपर ज्या चॅनलवर परत येतो, त्या चॅनलचं ऑक्सचं नॉब शून्यावरच हवं. ते चुकून फिरलं की पहिल्या रांगेतले लोक कानावर हात ठेवतात.

खर्जातली

बापरे, 8.02 चं गणित वाचून जीव भांड्यात पडला. धन्यवाद! पण मग 505 च का? डिजिटॅक्टमध्ये सॅम्पलिंग आहेच की, त्यातच आवाज धरला तर?

नऊव्होल्ट

धरता येतो, पण पहिल्या डिजिटॅक्टवर आधी सॅम्पलिंगच्या पानावर जा, रेकॉर्ड करा, कापा, ट्रॅकला द्या. तोवर गाणं थांबलेलं असतं. शिवाय तो मोनो आहे. घरी तयारीला उत्तम, गाता गाता नाही.

अंधेरी_फास्ट

सगळे 505 म्हणतायत म्हणून मुद्दाम ऑक्टाट्रॅकच्या बाजूने लिहितो. चार-पाच वर्षं हेच वापरतोय.

आठ ऑडिओ ट्रॅक, आठ मिडी ट्रॅक, चार इनपुट आणि क्रॉसफेडर (एका आवाजातून दुसऱ्यात नेणारी सरकती कळ). त्यात लूपरसारखी ‘पिकअप मशीन’ आहेत, पण त्यांच्या नादी लागू नका, त्यांचे रुसवे-फुगवे फार. खरी मजा रेकॉर्डर ट्रिगमध्ये आहे. रेकॉर्डिंगची सुरुवात सीक्वेन्सरच्या ठराविक स्टेपवर ठेवायची, लांबी 28 स्टेप. आता तुम्ही बटण कधीही दाबा, रेकॉर्डिंग समेवरच सुरू होणार आणि पुढच्या समेवर थांबणार. लूप जास्त भरणं-कमी भरणं हा प्रकारच उरत नाही. मग तोच आवाज दुसऱ्या ट्रॅकवर स्टेपप्रमाणे तुकडे करून उलटासुलटा वाजवा, क्रॉसफेडरने एका टोकाला कोरडा आणि दुसऱ्या टोकाला फिल्टर-डिलेमध्ये बुडालेला. एका ‘आ’ मधून अख्खं गाणं निघतं. 505 ला हे जमणार नाही.

आता तोटे. माइक थेट लावता येत नाही, माइक प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) नाही, म्हणजे आधी छोटा मिक्सर हवाच. रेकॉर्ड केलेले लूप बंद केल्यावर उडतात, कार्डवर सेव्ह करायला विसरलात तर गेले. कार्डही कॉम्पॅक्ट फ्लॅश, जुन्या कॅमेऱ्यांचं. आणि शिकायला वेळ लागतो. मी ‘वेळ’ म्हणतोय, त्यात सगळं आलं. नवा मार्क टू तुमच्या बजेटच्या खूप वर जाईल, जुना मार्क वन आपल्याकडे क्वचितच विकायला निघतो.

तानपुरा_ऑफ

ताई, पुढचा कार्यक्रम कधी आहे? पंधरा दिवसांत असेल तर ऑक्टाट्रॅक विसरा. 😄

खर्जातली

@तानपुरा_ऑफ दिवाळीनंतर. पण मॅन्युअल वाचून झोप येणाऱ्यांपैकी आहे मी.

लीड्सकर

इथे यूकेमध्ये जुने 505 मार्क वन बऱ्यापैकी मिळतात, मीही जुनाच घेतला. 2013 चं मॉडेल असलं तरी तुमच्या कामाला पुरेल: पाच स्टिरिओ ट्रॅक, प्रत्येकाला स्वतंत्र फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ), एक माइक इनपुट, मिडी सिंक. 2021 च्या मार्क टूमध्ये दोन माइक इनपुट आहेत, एका वेळी जास्त इफेक्ट चालतात आणि मुख्य म्हणजे राउटिंग: कोणता इनपुट कोणत्या ट्रॅकवर रेकॉर्ड व्हावा ते ठरवता येतं. म्हणजे ट्रॅक 1 आणि 2 फक्त माइक ऐकतील, 3 फक्त सिंथ. तुम्ही आवाज आणि मिनीलॉग दोन्ही लूप करणार असाल तर एवढ्यासाठीसुद्धा मार्क टू घ्यावा असं माझं मत.

फेडर हा या यंत्राचा आत्मा आहे. पायाच्या लूपरमध्ये ट्रॅक चालू किंवा बंद, तिसरं काही नाही. इथे तुम्ही पॅड हळूहळू आत आणता, आवाज हळूहळू बाहेर काढता. इलेक्ट्रॉनिक सेटमध्ये अर्धं काम तेच असतं.

जुना घेताना: प्रत्येक फेडर हलवताना खरखर येते का ऐका. रेकॉर्ड-प्ले बटणं जोरात आणि हलकी, दोन्ही प्रकारे दाबून पाहा. बाहेरून मागवलात तर अ‍ॅडाप्टरवर 100-240 व्होल्ट लिहिलंय का ते बघा. बॉसला नऊ व्होल्ट लागतात पण मधली पिन निगेटिव्ह. कुठल्याशा राउटरचा अ‍ॅडाप्टर बसतोय म्हणून लावू नका.

गल्लीतला_डीजे

95000 बद्दल कोणीच बोलत नाहीये?

अंधेरी_फास्ट

मित्राकडे पाहिलाय. सहा मोनो ट्रॅक आणि वर एक स्टिरिओ मिक्सडाउन, सगळं मायक्रोएसडी कार्डवर. मिडीही आहे. ऑक्टेव्ह बटणाने लूप अर्ध्या वेगाने, एक सप्तक खाली वाजतो, आवाजावर भन्नाट लागतो, ‘खर्जातली’ आयडीला शोभेल असा. पण इफेक्ट नाहीत आणि मांडणी मुळात गिटारवाल्यांची, खाली पायाची बटणं. टेबलावर ठेवून वाजवणाऱ्याने का घ्यावा, मला तरी कळत नाही.

पॅचकेबल

बरं, लॅपटॉप नको तर आयपॅडवर लूपी प्रो (लूपरचं अॅप)? सोबत छोटा ऑडिओ इंटरफेस. हवे तेवढे लूप, पडदा हवा तसा मांडता येतो. घरात आयपॅड असेलच तर हे सगळ्यात स्वस्त पडेल, मी गंमत करत नाहीये.

खर्जातली

@पॅचकेबल आयपॅड नाही. आणि खरं सांगू का, मला काचेवर बोट ठेवून गायचं नाहीये. बटण दबलं की बोटाला कळलं पाहिजे, डोळे समोर राहतात.

तानपुरा_ऑफ

यंत्राचं बरंच झालं, आता आवाजाचं. छोट्या जागेत स्पीकर तुमच्या दोन हातांवर असतो. माइक उघडा ठेवून थर लावत गेलात की प्रत्येक थरात स्पीकरमधला बीट शिरतो. नऊव्होल्ट म्हणाले तसं तारांमधून ड्रम्स वेगळे केलेत, पण हवेतून येणारच. म्हणून डायनॅमिक माइक, ओठांपासून दोन बोटं, स्पीकर तुमच्या पुढे आणि माइकची पाठ स्पीकरकडे. इनपुटला हलका गेट (ठराविक पातळीखालचा आवाज बंद करणारा) लावा, पण हलकाच, नाहीतर तुमच्या मींडीचं शेपूट कापलं जाईल.

दुसरं, आलापाचा किंवा पॅडचा लूप केला की सांध्यावर एक खळगा ऐकू येतो, कारण शेवटच्या सुराची आस रेकॉर्ड होण्याआधीच लूप परत पहिल्यापासून सुरू होतो. बॉसमध्ये एक सेटिंग आहे: रेकॉर्डनंतर बटण दाबलं की प्लेमध्ये जायचं की ओव्हरडबमध्ये (त्याच लूपवर नवा थर चढवणं). ओव्हरडब ठेवा. शेवटचा सूर सोडताना बटण दाबायचं, त्याची रिव्हर्बची आस लूपच्या सुरुवातीवर पडू द्यायची, मग पुन्हा दाबून प्ले. खळगा गायब. पॅडला तर हे हवंच.

लय मात्र कार्यक्रमात फार हलवू नका. लूपर आवाज ताणून नवी लय गाठतो, पण दोन-चार बीपीएमच्या पुढे गेलं की गळा पत्र्याचा वाटायला लागतो. विलंबितातून द्रुतात जायचं असेल तर सगळे लूप बंद करा आणि नव्याने बांधा. तसंही ऐकायला तेच छान वाटतं.

खर्जातली

ठरत आलंय. 505 मार्क टू, पण आधी दुकानात डिजिटॅक्ट घेऊन जाते. तिथे नेमकं काय तपासू?

नऊव्होल्ट

दुकानातल्या माणसाला डेमो वाजवू देऊ नका, तो तुम्हाला इफेक्ट ऐकवत बसेल. क्लॉक जोडा, डिजिटॅक्टवर साधा मेट्रोनोमसारखा रिमशॉट लावा, लूपरमध्ये तोंडाने ‘ट’ असा एक चार मापांचा लूप करा आणि पाच मिनिटं दोन्ही चालू ठेवून चहा घ्या. परत आल्यावर दोन ठोके एकत्र ऐकू आले तर ठीक. ‘टर्र’ ऐकू आलं तर सेटिंग चुकलंय. मग डिजिटॅक्ट थांबवून पुन्हा सुरू करा आणि लूप समेवर परत येतात का पाहा. स्टॉप दाबल्यावर सगळे लूप थांबायला हवेत की फिरत राहायला हवेत, तेही तिथेच ठरवा. तुम्हाला बहुतेक फिरत राहिलेले हवे असतील, बीट थांबवून टाळ्या घेता ना तुम्ही. 🙂

आणि एक. 505 मध्येसुद्धा ‘राइट’ (म्हणजे सेव्ह) न करता दुसऱ्या मेमरीवर गेलात की लूप गेला. तो फक्त ऑक्टाट्रॅकचा दुर्गुण नाही.

लीड्सकर

केबलचं विसरू नका. मार्क टूची मिडी सॉकेट्स छोटी, 3.5 मिमीची आहेत आणि डिजिटॅक्टची जुनी पाच पिनची. दुकानात जाताना ती केबल नसेल तर चाचणीच होणार नाही. बॉसची बीमिडी-5-35 नावाची केबल येते.

खर्जातली

ती इथे लगेच मिळेलसं दिसत नाही. फोन केला तर पलीकडून ‘मिडी म्हणजे यूएसबीच ना?’ असं विचारलं. 😐

अंधेरी_फास्ट

मग स्वतः करा, तीन तारांचं काम आहे. लॅमिंग्टन रोडवर पाच पिनचा डिन प्लग आणि 3.5 मिमीचा स्टिरिओ जॅक सुटे मिळतात, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. बॉसला टाइप ए लागतो: डिनची 5 नंबरची पिन जॅकच्या टोकाला, 4 नंबरची मधल्या रिंगला, 2 नंबरची मुळाशी. 4 आणि 5 ची अदलाबदल झाली तर टाइप बी होतो आणि लूपर काहीच ऐकणार नाही. डागण्याआधी प्लगवरचे आकडे भिंगातून बघा. पिनांचा क्रम 1-2-3-4-5 असा ओळीने नसतो, 1-4-2-5-3 असा असतो.