काउबॉय जंकीज: तो संथपणाच ऐका

'काउबॉय जंकीज फार संथ, झोप येते' असं या कॅनडाच्या बँडबद्दल काहीजण म्हणतात. अहो, तो संथपणा हीच त्यांची ताकद! त्यांचा 'द ट्रिनिटी सेशन' हा अल्बम रात्री हेडफोन लावून ऐकाच. त्याचं रेकॉर्डिंग असं: नोव्हेंबर १९८७, टोरांटोतलं होली ट्रिनिटी चर्च, आणि सगळ्यांमध्ये मिळून एकच मायक्रोफोन. नंतर एखादं वाद्य वरखाली करायची सोयच नाही. कोण मायक्रोफोनपासून किती लांब, यावर सगळा तोल. गायिका मार्गो टिमिन्सचा आवाज मात्र स्पीकरमधून त्या मायक्रोफोनपर्यंत पोचवलेला, म्हणून ती कुजबुजली तरी अंगावर काटा येतो. गिटारवर मायकल, ड्रम्सवर पीटर; मार्गोसह ही तिघं सख्खी भावंडं. बेसवर मायकलचा बालमित्र ॲलन अँटन. २०२३च्या अल्बमातही हेच चौघे! एवढी वर्षं एकत्र टिकलेले बँड मला फारसे आठवत नाहीत.