मदत हवी आहे: 'मी बेवडा नाही' म्हणणाऱ्या यंत्रमाग कामगाराशी पहिली भेट (सोलापूर)

निशिगंध
पूर्व भागात समुपदेशनाचं काम करते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. चाळिशीतला यंत्रमाग कामगार, रोज संध्याकाळी दारू, अधूनमधून शिंदी (ताडीसारखी झाडाच्या रसाची दारू). सकाळी हात थरथरतात, झोप नाही, "जगून काय उपयोग" असं घरात बोललाय. त्याचं म्हणणं, "मी बेवडा नाही, रोज कामावर जातो." बायको आणि मेहुणा त्याला घेऊन येणार आहेत. त्यांच्या दोन मागण्या: भाजीत कालवायची गोळी सांगा, आणि त्याला चांगलं झापा. दोन्हींना माझा नकार आहे. मग पहिल्या भेटीत काय करू? दारू आधी घेऊ की मन?

हातमाग
आधी शरीर. सकाळची थरथर म्हणजे शरीर दारूला सरावलंय. अशा माणसाकडून "आजपासून बंद" अशी शपथ घेणं धोक्याचं. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत घाम, थरथर, मळमळ सुरू होते. फिट आली तर बहुधा ६ ते ४८ तासांत येते. भ्रम, नसलेलं दिसणं, ताप, प्रचंड घाबरणं हे साधारण ४८ ते ९६ तासांत, आणि यात जीव जाऊ शकतो. म्हणून पहिला प्रश्न: याआधी सोडली तेव्हा फिट आली होती का, भास झाले होते का? "हो" असेल तर घरी सोडवण्याचा विचार नको, भरतीच हवी.

आपल्याकडची सवय म्हणजे गल्लीतल्या दवाखान्यात "एक सलाईन लावून घेतो". जेवण सुटलेल्या दारुड्याला थायमिन, म्हणजे बी-१, न देता ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं बी-१ तेच वापरून टाकतं. मग गोंधळलेपणा, तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं. वेळेत उपचार नाही मिळाले तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. डॉक्टरांना "रोज पितो" हे आधीच सांगायला लावा.

शिंदीबद्दल मुद्दाम विचारा. भेसळीच्या शिंदीत क्लोरल हायड्रेट किंवा अल्प्राझोलामसारखी झोपेची औषधं घातलेली असतात. ती एकदम तुटली तरी फिट येते, आणि "दारू तर कमीच होती" म्हणून डॉक्टर चकतात.

कडक_भाकरी
एवढं गोडीगुलाबीनं सुटत असती तर गुत्ते बंद पडले असते. थोडं कडक बोलावंच लागतं.

रानवारा
कडक बोलून माणूस मान डोलावतो आणि पुढच्या भेटीला येत नाही. झापलं की तो स्वतःच्या पिण्याची वकिली सुरू करतो. "सगळेच पितात", "माझ्या पैशाची पितो" ही वाक्यं स्वतःच्याच तोंडून ऐकली की त्याला ती आणखी पटतात. आपल्याला उलटं हवंय: सोडण्याची कारणं त्याच्या तोंडून यायला हवीत. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत वाढवलेल्या 'प्रेरणादायी मुलाखत' या समुपदेशन पद्धतीचा गाभा हाच.

निशिगंधताई, घरच्यांना दहा मिनिटं बाहेर बसवा. 'बेवडा' या शब्दावर वाद घालू नका, तो मान्य करून घ्यायची गरजच नाही. "अण्णा, कामाला खाडा पडू देत नाही, हे तुम्हाला महत्त्वाचं आहे," एवढं म्हणा आणि थांबा. बहुतेकदा पुढचं वाक्य "पण आताशा सकाळी हात धड चालत नाहीत" असं येतं. धागा तिथून उचला.

मग ० ते १० च्या मापावर विचारा: कमी करणं किती महत्त्वाचं वाटतं? तो ४ म्हणाला तर "१० का नाही?" विचारू नका, "२ का नाही, ४ का?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सबबी मिळतात, दुसऱ्याला कारणं.

पिण्याच्या मोजमापाला जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची 'ऑडिट' (AUDIT) प्रश्नावली घ्या. एकूण ४० गुण. ८ पासून पुढे धोका, २० पासून पुढे अवलंबित्वाची दाट शक्यता. इथे हमखास चूक होते: "एकच क्वार्टर" म्हणजे एक पेग नव्हे. १८० मिली, ४२.८ टक्क्यांची व्हिस्की म्हणजे साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल, दहा ग्रॅमचे सहा पेग. देशीच्या बाटलीवरचा टक्का वाचून हिशोब करा.

निशिगंध
"जगून काय उपयोग" याचं काय? दारू सुटल्यावर उदासी जाईल म्हणून थांबायचं? आणि गोळीची मागणी कशी परतवू?

हातमाग
थांबायचं नाही. त्याच भेटीत सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का? कसा द्यायचा हे ठरवलंय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. काही ठरवलेलं असेल तर त्याला एकटं सोडू नका. घरातली कीटकनाशकं, गोळ्या, दोर दूर करायला सांगून त्याच दिवशी सिव्हिलला न्या, गरज पडली तर १०८. निव्वळ दारूमुळे आलेली उदासी पूर्ण बंदीनंतर बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही राहिली तर वेगळा आजार समजून उपचार. पण सुरुवात एकत्रच, "आधी सोड मग ये" असं नाही.

गोळी म्हणजे डायसल्फिराम. चोरून दिली आणि वर तो प्यायला तर चेहरा लाल, उलट्या, रक्तदाब कोसळणं, प्रसंगी मृत्यू. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. संमतीशिवाय नाहीच, आणि कळल्यावर तो बायकोच्या हातचं जेवायचा बंद होतो, हेही मेहुण्याला सांगा. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही औषधं आहेत, पण ती मनोविकारतज्ज्ञ ठरवतील.

रानवारा
बायकोला काम द्या, नाहीतर ती गोळीच शोधत राहील. प्यायलेला असताना वाद नको. शुद्धीवर असताना एकच मागणी, एका वाक्यात. न प्यायलेल्या संध्याकाळी त्याच्यासोबत बसून जेवायचं. खाडा झाला तर मालकाला तिनं खोटं सांगायचं नाही. मारहाण असेल तर हे सगळं बाजूला, आधी तिची सुरक्षितता.

रात्री-अपरात्री मनाच्या त्रासासाठी टेलीमानस १४४१६, व्यसनासाठी १४४४६. टेलीमानसवर मराठीत बोलता येतं. घरात तेलुगू असेल तर भाषा आधीच सांगा.

सिव्हिलला पाठवताना चिठ्ठीवर हे लिहा: शेवटचं कधी प्यायला ती वेळ, रोजचं प्रमाण, शिंदी, पूर्वीची फिट, कावीळ, चालू गोळ्या, आत्महत्येचे विचार. आणि त्या सकाळी तो थोडी पिऊन आला तरी परत पाठवू नका.