नर्सरीची जाहिरात आणि दुसऱ्यांचे लेख: पैसे नेमके कशावर लावायचे?

कुंडीवाला

पुण्यात सिंहगड रोडला लहानशी नर्सरी आहे. रोपं, कुंड्या, कोकोपीट, गांडूळखत आणि सोसायट्यांच्या ओल्या कचऱ्यासाठी कंपोस्ट कल्चर (कचरा कुजवायचं विरजण). ऑनलाइनसाठी महिन्याला सगळं धरून १२,००० रुपये काढता येतात.

सध्या बागकामावरचे चांगले लेख आणि व्हिडिओ शोधून फेसबुक-इन्स्टाग्रामवर रोज दोन-तीन शेअर करतो. याला कंटेंट क्युरेशन म्हणतात हे नंतर कळलं. त्यातली जी पोस्ट चालते तिला 'बूस्ट' मारतो, म्हणजे पैसे देऊन ती जास्त लोकांना दाखवतो. लाइक भरपूर येतात, पण लातूर-नागपूरहून. दुकानात कोणी फिरकत नाही. गूगलवर सर्च जाहिरातही लावली आहे, तिच्यावर फोन येतात ते भलतेच: "बाळाला तीन वर्षं पूर्ण हवीत का?" आणि "डोनेशन किती?"

दुसऱ्यांचा मजकूर शेअर करण्यात काही अर्थ आहे का? आणि १२,००० कसे वाटावेत?

निवडकवाचक

मजकुरापुरतं मी सांगतो, जाहिरातीचं जाणकार सांगतीलच.

रोज दोन-तीन फार झाले. आठवड्याला तीन पुरेत, पण प्रत्येकाबरोबर तुमच्या स्वतःच्या चार ओळी हव्यात. नुसती लिंक टाकली की वाचणारा मूळ साइटवर जातो आणि तिकडचाच होतो.

आधी स्रोतांची यादी करा, पंधरा-वीस, त्याहून जास्त नकोत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची पत्रकं, हवामान खात्याचा पुण्याचा अंदाज, महापालिकेच्या पाणीकपातीच्या आणि ओल्या कचऱ्याच्या सूचना, गच्चीवर बाग करणाऱ्या दोन-तीन मराठी मंडळींचे चॅनल, एखाददुसरी परदेशी साइट. हे सगळं फीडली किंवा इनोरीडरमध्ये (साइटवरचा नवा मजकूर, म्हणजे तिचं फीड, एका जागी आणणारी ॲप) एकत्र लावा. ज्यांचं फीड मिळत नाही त्यांच्यासाठी गूगल अलर्ट्स (दिलेल्या शब्दावर नवं काही आलं की कळवणारी सोय). तिथे ईमेलऐवजी आरएसएस फीडचा पर्याय निवडला की मेलबॉक्स तुंबत नाही. मग आठवड्यातून एकदा तासभर बसून चाळायचं.

चाळणी एकच ठेवा: ही गोष्ट पुण्यातल्या गच्चीवर येत्या पंधरवड्यात करता येईल का? इंग्लंडमधला लेख टोमॅटोची रोपं मे महिन्यात बाहेर लावा म्हणतो, कारण तेव्हा कुठे तिथली कडक थंडी ओसरते. पुण्यात मेमध्ये तेच कोवळं रोप दुपारपर्यंत मान टाकेल. 'भर उन्हात ठेवा' हेही तिथल्या उन्हाला धरून लिहिलेलं असतं. रोप मेलं की गिऱ्हाईक लेखकाला शोधत बसत नाही, तुम्हाला धरतं.

तुमच्या ओळी कशा असाव्यात? समजा पिठ्या ढेकणावरचं विद्यापीठाचं पत्रक हाती लागलं. ते शेतासाठी लिहिलेलं, मात्रा एकराच्या हिशेबात. तुम्ही लिहायचं:

"जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखं पांढरं दिसतंय आणि खोडावर मुंग्यांची रांग लागलीय? तो पिठ्या ढेकूण. त्याच्या चिकट गोड स्रावासाठी मुंग्या येतात. फार लागलेला शेंडा कापून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको. १ लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, तेल पाण्यात मिसळावं म्हणून थोडासा लिक्विड सोप, आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारा. आठवड्याने पुन्हा. सविस्तर पत्रक इथे."

खाली विद्यापीठाचं नाव आणि लिंक. 'आमच्याकडे निंबोळी तेल मिळेल' असं त्यात घुसडू नका. विचारायचं असेल तो विचारतो.

दोन तांत्रिक गोष्टी. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही. ती बायोमध्ये किंवा स्टोरीच्या लिंक स्टिकरमध्ये द्या. आणि व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात खरे, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोचतो. 'पाठवतो पण कोणाला दिसतच नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच. काउंटरवरच गिऱ्हाइकाकडून तुमचा नंबर सेव्ह करून घ्या.

क्लिकमोजणी

गूगलचा घोळ तुमच्या धंद्याच्या नावातच आहे. पुण्यात 'नर्सरी' शोधणाऱ्यांत मोगऱ्यावाले आणि मुलांचा प्रवेश शोधणारे पालक एकाच रांगेत उभे असतात. तुमचा कीवर्ड (ज्या शब्दावर जाहिरात दिसते तो) ब्रॉड मॅचवर, म्हणजे दूरच्या संबंधाच्या शोधांवरही दिसेल असा असणार, म्हणून दोघांच्या क्लिकचे पैसे तुम्ही भरताय.

आज बसून एवढं करा. कीवर्ड फ्रेज मॅच (त्या शब्दसमूहाचा अर्थ असलेलेच शोध) किंवा एक्झॅक्ट मॅचवर (नेमका त्याच अर्थाचा शोध) आणा. नुसतं 'नर्सरी' काढून टाका. त्याजागी 'झाडांची नर्सरी', 'रोपवाटिका', 'प्लांट नर्सरी निअर मी', 'गांडूळखत पुणे' असे दोन-तीन शब्दांचे घ्या, रोमन आणि देवनागरी दोन्ही लिपींत. मग निगेटिव्ह कीवर्डची, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दिसू नये त्यांची यादी: ॲडमिशन, प्रवेश, फी, स्कूल, शाळा, युनिफॉर्म, राइम्स, टीचर, जॉब, पगार, लायसन्स, अनुदान. शेवटचे दोन अशासाठी की स्वतःची रोपवाटिका काढू पाहणारेही बरेच शोधत असतात. निगेटिव्ह शब्द समानार्थी किंवा अनेकवचनी रूपं आपोआप पकडत नाहीत, तेव्हा एकवचन आणि अनेकवचन दोन्ही टाका.

पहिला महिना आठवड्यातून दोनदा सर्च टर्म्सचा अहवाल (लोकांनी नेमकं काय शोधलं ते दाखवणारा) उघडा. अगदी कमी लोकांनी केलेले शोध गूगल त्यात दाखवत नाही, त्यामुळे खर्चाचा काही भाग अंधारातच राहतो. जे दिसतं त्यावरून मात्र कचरा बराच निघतो.

कॅम्पेनच्या सेटिंगमध्ये आणखी तीन ठिकाणी पैसे गळतात. लोकेशनचा मूळ पर्याय त्या ठिकाणी 'असलेले किंवा त्यात रस असलेले' असा असतो. तो बदलून फक्त 'असलेले किंवा नियमित येणारे' करा. सर्च पार्टनर्स आणि डिस्प्ले नेटवर्क (गूगलच्या शोधपानाबाहेर जाहिरात दाखवणारे पर्याय) यांच्या खुणा काढा. गूगलच्या शिफारशी आपोआप लागू होण्याची सोय बंद करा, नाहीतर सुधारलेला कीवर्ड महिन्याभरात पुन्हा ब्रॉड झालेला दिसेल.

आता नकाशा. दुकानाभोवती ५ किलोमीटरचं वर्तुळ काढलं की ते मुठेपलीकडे वारजे-कर्वेनगरात शिरतं. नकाशावरचं अंतर कावळ्याचं, सरळ रेषेतलं. स्कूटरवर खताची गोणी घेऊन येणाऱ्याला राजाराम पुलाचा वळसा पडतो. त्यापेक्षा सिंहगड रोडच्या बाजूने दोन-दोन किलोमीटरची तीन-चार छोटी वर्तुळं टाका. भाषेत मात्र फक्त मराठी निवडू नका. मराठी माणसाच्याही फोनची भाषा बहुधा इंग्रजीच असते. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही ठेवा.

आणि दुकान १ ते ४ बंद असेल (पुणे आहे, विचारायला नको), तर त्या वेळात फोनची जाहिरात दाखवू नका. ॲड शेड्यूलमध्ये ते तास वगळता येतात. न उचललेल्या फोनच्या क्लिकचेही पैसे लागतात.

पेठी_शंका

निवडकवाचक यांचं सगळं पटलं, पण चार ओळी लिहीत कशाला बसायचं? चांगले इंग्रजी लेख सरळ मराठीत आणून आपल्या साइटवर टाकावेत, खाली 'साभार' लिहावं. वाचकही आपला, गूगलही खूश.

कलम_करणारा

'साभार' म्हणजे परवानगी नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार भाषांतराचा हक्कही मूळ हक्कधारकाचाच असतो. कलम ५२ मधली सवलत खाजगी अभ्यास, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा कामांसाठी आहे. दुकानाच्या पानावर अख्खा लेख उतरवणं त्यात बसवणं फार कठीण.

माहितीवर मात्र कोणाची मालकी नसते, मालकी मांडणीवर असते. निंबोळी तेलाची मात्रा तुम्ही तुमच्या शब्दांत लिहू शकता. फोटोंच्या बाबतीत सर्वात जास्त घसरायला होतं: गूगल इमेजेसमधून उचललेला जास्वंदीचा फोटो कोणाचा तरी असतोच. गिऱ्हाइकाने पाठवलेला त्याच्या गॅलरीचा फोटो पोस्ट करायला एकदा विचारा आणि तो पैसे देऊन जाहिरातीत वापरायचा असेल तर पुन्हा वेगळं विचारा. उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या, जपून ठेवा.

रीलमधलं गाणंही तपासा. सिनेमातलं गाणं लावलेली रील बूस्ट करायला गेलात की ती अडते. जाहिरातीत जाणारी रील आपल्या आवाजात किंवा मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) मोफत साउंड कलेक्शनमधल्या संगीतावर करा.

कुंडीवाला

निगेटिव्हची यादी टाकली. लायसन्सवाले फोन कुठून येत होते तेही कळलं. आता बूस्टचं सांगा. कोणती पोस्ट बूस्ट करायची? आणि पैसे कसे वाटायचे?

क्लिकमोजणी

दुसऱ्याच्या लेखाची पोस्ट कधीच नाही. त्याच्या साइटवर माणसं पोचवायला तुम्ही का पैसे द्यायचे? बूस्टचं बटण बहुतेक वेळा पोस्टवर हालचाल मिळवण्यासाठी लोक शोधतं, म्हणून लाइक मारणारे मिळाले. ठिकाण अख्खं महाराष्ट्र राहिलं असणार, म्हणून लातूर.

वाटणी अशी. १२,००० मध्ये १८ टक्के जीएसटी धरला तर जाहिरातीला प्रत्यक्षात १०,१६९ उरतात. (रोपांवर जीएसटी नाही, त्यामुळे जाहिरातीवरच्या कराचं पूर्ण क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळेल असं गृहीत धरू नका. सीएला विचारा.) त्यातले ६,००० गूगल सर्चला, म्हणजे रोजचे सुमारे २००. एखाद्या दिवशी ४०० गेले तर दचकू नका. गूगल रोजच्या बजेटच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतं, महिन्याचा हिशेब ३०.४ पटीवर थांबवतं.

उरलेले ४,००० मेटाला, पण बूस्टच्या बटणाने नाही, मेटाच्या ॲड्स मॅनेजर या जाहिराती चालवायच्या साधनातून. एका वेळी एकच ॲड सेट (एक प्रेक्षक, एक बजेट), व्हॉट्सॲपवर संभाषण सुरू करणारी जाहिरात. मेटाच्या यंत्रणेला लय सापडायला आठवड्याला साधारण ५० परिणाम, इथे संभाषणं, लागतात. ४,००० महिनाभर पसरले तर आठवड्याला ९३३ येतात, म्हणजे संभाषण १८-१९ रुपयांत पडलं तरच ५० होतील. तेच पैसे १० दिवसांत रोज ४०० ने लावले तर आठवड्याचे २,८०० होतात आणि एका संभाषणाला ५६ रुपयांची मुभा मिळते. म्हणून महिन्यातले १० दिवस निवडा, बाकी दिवस बंद.

निवडकवाचक यांच्या पोस्टचा उपयोग इथे होतो. पिठ्या ढेकणाच्या उपायावर स्वतः बोललेली ४० सेकंदांची रील करा आणि पहिले चार दिवस ती आसपासच्या लोकांना दाखवा. पुढचे सहा दिवस ती बरीचशी पाहिलेल्यांना आणि गेल्या ३६५ दिवसांत तुमच्या इन्स्टाग्रामवर काही हालचाल केलेल्यांना विक्रीची जाहिरात. ठिकाणाची मर्यादा दुसऱ्या टप्प्यातही ठेवाच, नाहीतर नागपूरकर पुन्हा येतील. फ्रीक्वेन्सीचा रकाना बघत राहा. एकाच माणसाला तीच जाहिरात पाच-सहा वेळा दिसू लागली की थांबवा.

निवडकवाचक

दर महिन्याला सारखे १२,००० हे मला पटत नाही. रोपांची खरेदी पहिल्या पावसानंतर आणि मग दिवाळीच्या आगेमागे उसळते. एप्रिल-मेमधले निम्मे वाचवून जूनला लावा. उन्हाळ्यात मजकूर चालू ठेवा (शेडनेट, आच्छादन, पाणीकपातीत कुंड्या कशा जगवायच्या), म्हणजे पाऊस पडेपर्यंत जाहिरात दाखवायला माणसं जमलेली असतील.

क्लिकमोजणी

मेटाबद्दल मान्य. गूगल मात्र पूर्ण बंद करू नका. कंपोस्ट कल्चर शोधणाऱ्या सोसायट्यांना ऋतू नसतो.

आणि फायदा लाइकवर मोजू नका. समजा सरासरी बिल ६०० आणि त्यात तुमच्या हाती ३५ टक्के राहतात, म्हणजे २१० रुपये. १२,००० वसूल व्हायला महिन्याला ५८ नवी बिलं लागतात, रोज दोन. तुमचे आकडे घालून बघा. प्रत्येक जाहिरातीला वेगळा शब्द द्या, 'काउंटरवर मोगरा म्हणा, गांडूळखताचं १ किलोचं पाकीट घ्या' असा, आणि काउंटरच्या वहीत शब्दापुढे काड्या ओढा. दुकानात चालत येणाऱ्याचा हिशेब ॲनालिटिक्सपेक्षा ही वही जास्त नीट देते.

कुंडीवाला

एक अडचण. 'शाळा' आणि 'स्कूल' निगेटिव्हमध्ये टाकल्यावर शाळांच्या परसबागेच्या ऑर्डरीही अडतील ना? जूनमध्ये त्या असतात.

क्लिकमोजणी

बरोबर, अडतील. मघाची माझी यादी त्या बाबतीत ढोबळ होती. एकटा शब्द ब्रॉड निगेटिव्ह म्हणून टाकला की तो असलेला प्रत्येक शोध बाद होतो. ते दोन काढा आणि 'नर्सरी स्कूल', 'नर्सरी शाळा', 'प्ले स्कूल' हे फ्रेज निगेटिव्ह म्हणून टाका. ॲडमिशन, प्रवेश, फी तसेच राहू द्या. पालकांचे बहुतेक शोध त्यांनीच अडतात. मग 'शाळेची परसबाग' आणि 'स्कूल गार्डन प्लांट्स' यांचं वेगळं कॅम्पेन करा, रोजचे ३०-४० रुपये, मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत. त्या जाहिरातीत रोपांच्या फोटोपेक्षा 'बिल आणि कोटेशन मिळेल' ही ओळ आधी लिहा. मुख्याध्यापकांना आधी तेच लागतं.