प्लॅटिनमचे इलेक्ट्रॉन संरूपण (कोणत्या कक्षकात किती इलेक्ट्रॉन) ५डी८ ६एस२ का नाही?

प्रश्न: निकेल ३डी८ ४एस२, मग त्याच गणातले पॅलेडियम आणि प्लॅटिनम वेगळे का?

उत्तर १: प्लॅटिनम (अणुअंक ७८) म्हणजे [झेनॉन] ४एफ१४ ५डी९ ६एस१; कंसातले नाव म्हणजे आतले इलेक्ट्रॉन त्या वायूसारखे. पॅलेडियम तर [क्रिप्टॉन] ४डी१०, ५एस पूर्ण रिकामे! डी आणि एस कक्षकांच्या ऊर्जा इतक्या जवळ आहेत की नुसता चढता क्रम पाठ करून भागत नाही. आयन लिहिताना मुलं हमखास चुकतात: आधी ६एस चा इलेक्ट्रॉन काढा, मग ५डी चा एक. उरते ५डी८. म्हणूनच प्लॅटिनम(२) ची, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गेलेल्या प्लॅटिनमची, संयुगे सपाट चौकोनी असतात. सिसप्लॅटिन हे कर्करोगाचे औषध त्यातलेच. दोन्ही क्लोरीन शेजारी-शेजारी हवेत, समोरासमोर आले की औषध म्हणून उपयोग नाही.

उत्तर २: प्रयोगशाळेतल्यांसाठी एक भर. प्लॅटिनमची मूस १७६८° सेल्सिअसला वितळते, पण शिसे, आर्सेनिक किंवा फॉस्फरस असलेला नमुना त्यात तापवू नका. कमी तापमानाला वितळणारे मिश्रण बनून तळाला भोक पडते. बर्नरचा आतला निळा शंकूही मुशीला लागू देऊ नका, धातू ठिसूळ होतो. डाग पडलेच तर पोटॅशियम बायसल्फेट वितळवून साफ करा.

उत्तर ३: शिसे मिसळलेले पेट्रोल गाडीतल्या प्लॅटिनमच्या उत्प्रेरकालाही निकामी करते, पण तिथे शिसे पृष्ठभागच झाकून टाकते.