टर्बो राहू दे, आधी कार्पेट उचला

जुन्या स्विफ्टची डांबरी रॅलीसाठी गाडी करायचीय, इंजिनाची ताकद वाढवणाऱ्या टर्बोपासून सुरुवात करू का, असं विचारलंत. माझं मत: नको.

आपल्याकडचं खारं वारं विसरू नका. मालवणात माझ्या गाडीचं कार्पेट काढलं, तर सीटखालून अंगणातली चिरेबंदी दिसली! कुजलेल्या पत्र्यावर रोल केजचे, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणाऱ्या पोलादी सांगाड्याचे, पाय वेल्ड करून काय उपयोग? आधी पत्रा, मग केज. एफआयएच्या (मोटार शर्यतींची जागतिक संघटना) नियमात केजच्या मुख्य कमानीला ४५ मिमी व्यासाची, २.५ मिमी जाडीची सीमलेस (बिनजोडाची) नळी चालते. फर्निचरवाल्याची नळी नको. आणि केज बसवलेली गाडी हेल्मेटशिवाय बाजारात नेऊ नका, साध्या धडकेतही डोकं नळीवर आपटतं. तसंही असे फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतात.

मग एलएसडी, म्हणजे एकच चाक नुसतं गरगरू न देणारं डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारी गिअरची जुळणी). पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत घट्ट वळणावर आतलं चाक हलकं होऊन नुसतं गरगरतं, आणि साधं डिफरन्शियल बाहेरच्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा टॉर्क (फिरवणारा जोर) देतं. ताकद वाढवलीत तर गरगर वाढेल, वेग नाही. प्लेटवालं (आत घर्षणाच्या चकत्या असलेलं) एलएसडी स्टिअरिंग ओढतं, पण सवय होते.

ब्रेक ऑइल दर पावसाळ्यानंतर बदलाच. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषला की ती मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. ऑइल उकळून उतारावर ब्रेकचं पेडल थेट तळाला गेलं, की कळतं.

सस्पेन्शनचं बजेट किती आहे?